पेट्या गोदामात राहू द्या, आधी कामांची वही काढा

नाशिककडच्या एका अठरा होलच्या गोल्फ कोर्सच्या ग्राउंड कमिटीतल्या सदस्याने विचारलंय: "या वर्षी कोर्सवर पक्ष्यांनी घरटी करावीत म्हणून काहीतरी ठोस करायचं ठरलंय. चाळीस लाकडी पेट्या करून घेतल्यात, पावसाळ्यात पाचशे झाडं लावायची आहेत. पेट्या कुठे टांगाव्यात, झाडं कोणती लावावीत? आणि टिटव्या अंगावर येतात, वाढलेल्या गवतात साप निघतात, अशा मेंबरांच्या तक्रारी आहेत, त्यांचं काय करावं?"

मी तेवीस वर्षं कोर्स सांभाळतोय, त्यातली शेवटची सोळा पुण्याजवळच्या एकाच कोर्सवर. त्यामुळे उत्तर लांबेल, पण जे सांगतोय ते सगळं हाताखालून गेलेलं आहे.

पेट्या तूर्त गोदामातच राहू द्या. आधी तुमच्या मेंटेनन्सची वही काढा आणि गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात कोणतं काम झालं ते बघा. पक्षी तुमच्या कोर्सवर आजही घरटी करताहेत, आणि त्यातली बरीच आपल्याच कामांखाली मोडताहेत. ती मोडायची थांबली की पेटी न टांगताही दोन वर्षांत फरक दिसतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. या कोर्सवरचं माझं दुसरंच वर्ष होतं. एप्रिलमध्ये, पावसाच्या आधी उरकून घ्यावं म्हणून बंकर, म्हणजे कोर्सवरचे वाळूचे खड्डे, दुरुस्तीला घेतले. सातव्या होलच्या मोठ्या बंकरची मागची कड पाण्याने खचून उभी झाली होती. ती तासून, नवीन माती दाबून, वर हरळीचे गादे बसवले. काम झालं त्या संध्याकाळी पाहणीला गेलो, तर ग्रीनजवळच्या (चेंडू घालायचं भोक असलेल्या आखूड हिरवळीजवळच्या) झेंड्याच्या काठीवर वेड्या राघूची जोडी बसलेली. दोघांच्याही चोचीत एकेक माशी. खाली बंकरपर्यंत यायची, नव्या हिरव्या कडेसमोर पंख फडफडवत क्षणभर थांबायची, परत काठीवर जाऊन बसायची. चोचीतली माशी कोणी गिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हाही तेच चालू होतं. वेडा राघू चोचीत भक्ष्य धरून बिळाशी घिरट्या घालतो, तेव्हा आत पिल्लं असतात, हे मला त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या, खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडीने सांगितलं. ती बिळं त्याने फेब्रुवारीपासून पाहिली होती. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर मी आमचं कामांचं कॅलेंडर नव्याने मांडलं.

आपल्या पठारावर घरट्यांचे ढोबळमानाने दोन हंगाम असतात. पहिला थंडी सरत आली की सुरू होतो आणि पावसापर्यंत चालतो. हा ढोलीत, बिळात आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा हंगाम. पिंगळा नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच ढोली धरतो. तांबट जानेवारीपासून वठलेल्या फांदीत ठोकठोक सुरू करतो. वेडा राघू फेब्रुवारी ते मे, राखी धनेश मार्च ते जून. टिटवी मार्चपासून थेट ऑगस्टपर्यंत कधीही. दुसरा हंगाम पावसाचा: सुगरण, राखी वटवट्या, मुनिया, लांडोर, पाणकोंबडी, टिबुकली. यांना उंच गवत, दाट झुडूप किंवा पाण्याकाठची झाडी लागते.

आता आपलं वेळापत्रक बघा. मार्च ते मे म्हणजे 'पावसाळ्यापूर्वीची कामं': फांद्या छाटणं, वठलेली झाडं पाडणं, बंकरच्या कडा, नाल्यांची सफाई, तळ्यातला गाळ, वाळलेलं गवत काढणं. ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे पावसात माजलेलं गवत कापणं, कारण दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतात आणि कोर्स नीटनेटका दिसायला हवा. म्हणजे दोन्ही हंगामांच्या ऐन भरात आपण यंत्रं घेऊन उतरतो. कोणाच्या मनात वाईट नसतं, पण वर्षानुवर्षं तेच होत राहतं.

म्हणून जड कामं जमतील तेवढी ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उरका. बंकरच्या कडा, नाल्यांची कामं, झुडपांची छाटणी हे सगळं या साडेतीन महिन्यांत बसतं. हवा थंड असते, मजूर मिळतात. स्पर्धांशी ओढाताण होते, ते खरं आहे. आम्ही एका वर्षी पुढचे नऊ होल आणि दुसऱ्या वर्षी मागचे नऊ होल असं वाटून घेतलं, तेव्हा कुठे जमलं. धोकादायक फांद्या मात्र वळवाच्या वादळाआधी उतरवाव्याच लागतात. तिथे एकच नियम: करवत लावण्याआधी माणसाने वर चढून फांदीत ढोली आहे का, ती वापरात आहे का, ते बघायचं. तळ्यातला गाळ एप्रिल-मेशिवाय निघत नाही, कारण तेव्हाच पाणी खाली जातं. मग एका वर्षी अर्धंच तळं घ्या आणि काठाचं पाणकणीस एका बाजूला पूर्ण सोडून द्या.

कमिटीत कोणी कुरकुर केली तर एक गोष्ट समोर ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रानपक्ष्यांची अंडी फोडणं किंवा अंडी-घरट्यांना धक्का लावणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच बसवलेलं आहे. शहरी हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या जतन कायद्याखाली परवानगी लागते, ती वेगळीच. मी हे धाक घालायला सांगत नाही. पण काम पुढे ढकलण्यासाठी कागदावर कारण लागतं, आणि हे कारण भक्कम आहे.

आता जागेचं बघू. अठरा होलच्या कोर्सवर ग्रीन सगळे मिळून तीनेक एकर, टी (पहिला फटका मारायच्या जागा) तेवढेच, फेअरवे (टी ते ग्रीनमधली कापलेली हिरवळ) तीसेक एकर. आमचा कोर्स एकशे चाळीस एकरांचा आहे. क्लबहाऊस, रस्ते, पार्किंग, सरावाची रेंज आणि खेळातला रफ (फेअरवेच्या कडेचं वाढलेलं गवत) वजा केला, तरी पन्नासहून जास्त एकर अशी जमीन उरली की जिथे चांगल्या खेळाडूचा चेंडू वर्षातून एकदाही जात नाही. तिच्यावर आम्ही डिझेल जाळून दर पंधरा दिवसांनी गवत कापत होतो. कशासाठी, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

तुम्ही कोर्सचा नकाशा घ्या, दोन-तीन जुन्या कॅडींना बसवा आणि त्यांना सांगा, जिथे चेंडू कधीच जात नाही तिथे रेघ मारा. त्या रेघेपलीकडची मशीन बंद करा. पहिल्या वर्षी घाणेरडं दिसेल. गाजरगवत उगवेल, ते फुलावर यायच्या आत हाताने उपटा. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात मारवेल, पवन्या, कुसळी, डोंगरी गवत आपोआप डोकं वर काढतं, कारण त्यांचं बी किंवा गड्डे जमिनीत असतातच. हे गवत पावसात आणि त्यानंतरही, बी झडेपर्यंत, उभं राहू द्या. डिसेंबर-जानेवारीत कापा, तेही दर वर्षी एक तृतीयांशच, पाळीपाळीने. पूर्ण कधीच न कापलेला पट्टा काही वर्षांनी झुडपांनी भरतो, आणि एका दमात सगळं कापलं तर त्या हिवाळ्यात कोणालाच आसरा उरत नाही. कुंपणालगत रस्ता असेल, तर नोव्हेंबरातच पाच-सहा मीटरची जाळरेषा कापून ठेवा. एक विडीचं थोटूक आणि अख्खा पट्टा जातो. आमच्याकडे एकदा गेला आहे.

सगळीच जागा उंच गवताची करू नका. हा मुद्दा फार जणांच्या नजरेतून सुटतो. आपलं पठार मुळात उघड्या माळाचं. टिटवी, करवानक, डोंबारी चंडोल, धान तिरचिमणी यांना विरळ गवताची, मुरमाड, डोळ्यांना लांबपर्यंत दिसणारी जमीन लागते. कोर्सवर असे मुरमाचे तुकडे हमखास असतात, आणि कमिटीला ते टक्कल पडल्यासारखे वाटतात. मग तिथे गाडीभर काळी माती टाकून हिरवळ लावायची टूम निघते. ती टाळा. आमच्याकडे चौदाव्या होलमागे पाऊण एकराचा असाच तुकडा आहे. करवानक दिवसभर तिथे दगडासारखा बसून असतो. मोठे पिवळे डोळे सोडले तर दिसत नाही. दोनच अंडी, तीही उघड्या मुरमावर. गेली कित्येक वर्षं ती जोडी तिथेच आहे, आणि त्या तुकड्यासाठी आम्ही एक रुपयाही खर्च केलेला नाही.

म्हणूनच तुमच्या पाचशे झाडांचा आकडा वाचून मी थोडा थबकलो. झाडं लावणं चांगलंच, पण माळावर झाडं लावली की माळाचे पक्षी जातात. कावळ्याला, शिक्र्याला बसायला टेहळणीची जागा मिळते आणि जमिनीवरची अंडी-पिल्लं त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येतात. शंभर-सव्वाशे झाडं लावा आणि बाकीचा पैसा झुडपांवर घाला. करवंद, बोर, हेकळ, निर्गुडी, मुरुडशेंग, तरवड यांची कुंपणालगत आणि नाल्याच्या काठाने पाच-सात मीटर रुंद, वाकडीतिकडी पट्टी. दयाळ, बुलबुल, शिंपी, वटवट्या आणि तित्तिर सगळे तिथे येतात. झाडांत उंबर, वड, पिंपळ फळांसाठी. पळस, पांगारा, काटेसावर फेब्रुवारी-मार्चच्या फुलांसाठी. पांगाऱ्याचं लाकूड मऊ असतं, तांबटाला कोरायला सोपं जातं. तळ्याच्या काठी, पाण्यावर झुकतील अशा दोन-चार बाभळी आणि शिंदी. सुगरणीला पाण्यावर लोंबकळणारी फांदी आणि जवळच उंच गवत, दोन्ही हवं, कारण ती गवताच्या पात्याची लांब धांदोटी फाडून नेते. उंच गवत नसेल तर बाभूळ असूनही ती येत नाही.

घाणेरीबद्दल मला दरवेळी विचारतात. ती परदेशी आहे, पसरते, काढायला हवी, हे सगळं खरं. पण तुमच्या कोर्सवर आज दुसरं दाट झुडूपच नसेल, तर बुलबुल आणि वटवट्या तिच्यातच राहत असणार. शेजारी करवंद-निर्गुडी कमरेएवढी झाली की मग घाणेरीचा तेवढा तुकडा काढा, तोही हिवाळ्यात. गिरिपुष्प आणि सुबाभूळ मात्र नव्याने लावूच नका.

टिटव्यांच्या तक्रारीवर येतो, कारण हा वाद दरवर्षी होतो. टिटवी फेअरवेच्या कडेला, कार्ट पाथच्या खडीत, कधी बंकरच्या काठावर चार अंडी घालते. घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती चार खडे. अंडी साधारण चार आठवडे उबवते. तेवढे दिवस कोणी जवळ गेलं की ओरडते, डोक्यावरून झेप घेते, पण चोच मारत नाही. मेंबरांना हे सांगावं लागतं, कारण घाबरलेला माणूस काठी उगारतो.

एकदा मे महिन्यात, भर दुपारी, अकराव्या होलच्या कार्ट पाथलगत अशी जोडी बसली होती. आम्ही भोवती दोरी बांधली आणि मी लांब झाडाखाली थांबलो. ऊन असं की खडीवर हात टेकवत नव्हता. मादी अंड्यांवर उभी, पंख किंचित पसरून सावली धरलेली. नर तळ्यावर गेला, पोटापर्यंत पाण्यात उतरून पिसं भिजवली आणि थेंब गाळत परत आला. मादी उठली, तो अंड्यांवर बसला. पंधरा-वीस मिनिटांनी मादी तळ्याकडे गेली. अंडी उन्हाने शिजू नयेत म्हणून त्यांची ही दुपारभर ये-जा चालते. माणसं सारखी आजूबाजूला असली की ती येरझार बंद पडते आणि अंडी मरतात. मी हे कमिटीतल्या दोघांना दुसऱ्या दिवशी दुपारी नेऊन दाखवलं. त्यानंतर टिटवी हुसकावून लावा, असं त्यांच्यापैकी कोणी म्हटलं नाही.

खेळाच्या दृष्टीने उपाय सोपा आहे. गोल्फच्या नियमांत अशी जागा 'खेळबंद क्षेत्र' म्हणून जाहीर करायचा अधिकार कमिटीला असतो. चेंडू तिथे गेला तर खेळाडूने आत न जाता नियमाप्रमाणे बाहेर ड्रॉप घ्यायचा, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळायचं. जमीन 'दुरुस्तीखाली' धरली तर दंडही बसत नाही. कायमस्वरूपी राखीव पट्ट्यांना हिरव्या टोकाच्या खुंट्या लावतात, जगभर तीच खूण चालते. टिटवीला चार खुंट्या, पाच-सहा मीटर अंतर आणि पहिल्या टीवर एक फलक, एवढं पुरतं. मशीनवाल्याला रोज सकाळी घरट्यांची यादी द्या. पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि धोका दिसला की पळत नाहीत, जमिनीला चिकटून बसतात. मोवरखाली जातात ती यामुळेच. म्हणून अंडी फुटल्यावर पहिला आठवडा त्या पट्ट्यात कटर सावकाश आणि पुढे एक माणूस पायी.

बंकरच्या कडेतल्या वेड्या राघूंसाठी आम्ही वेगळी सोय केली. खेळाबाहेरच्या नाल्याची मीटर-सव्वा मीटर उंचीची कड उभी तासली, पूर्वेकडे तोंड करून, समोर मोकळी जागा आणि बसायला एक वाळकी फांदी रोवून. दर जानेवारीत ती कड फावड्याने ताजी तासतो, कारण जुनी, गवत चढलेली कड त्यांना आवडत नाही. दुसऱ्या वर्षी तीन बिळं झाली. पुढे थोडं खाली खंड्याही आला. बंकरमधली बिळं संपली नाहीत, पण कमी झाली. जी होतात, त्यांच्या कडेला मे अखेरपर्यंत हात लावत नाही, फक्त तळातली वाळू रेकतो.

वठलेल्या झाडांचं महत्त्व पटवणं सगळ्यात अवघड गेलं. मेलेलं झाड म्हणजे दुर्लक्ष, असं लोकांना वाटतं. पण सुतार पक्षी आणि तांबट यांना कोरायला तेच लागतं, आणि त्यांनी सोडलेल्या भोकांत पुढे दयाळ, साळुंकी, पोपट राहायला येतात. तांबटाचं भोक बघायचं असेल तर तिरक्या फांदीच्या खालच्या अंगाला बघा, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून तो तिथेच कोरतो. टी किंवा रस्त्याच्या जवळचं झाड वठलं तर मुळासकट पाडू नका. परवानगी घेऊन चार-पाच मीटरवर छाटा आणि खोड उभं ठेवा. त्यावर गुळवेल सोडली की दिसायलाही बरं दिसतं. एक चांगलं वठलेलं खोड तुमच्या दहा पेट्यांचं काम करतं.

आता पेट्या. चाळीसही एकदम नकोत. पहिल्या वर्षी पंधरा लावा, कोणत्या भरतात ते बघा. भोकाच्या मापावर सगळं अवलंबून असतं. चिमणीला बत्तीस मिलिमीटर पुरे, दयाळाला पंचेचाळीस-पन्नास, साळुंकीला साठ, पिंगळ्याला पंच्याहत्तर. तुमच्या सगळ्या पेट्यांना एकाच मापाचं मोठं भोक असेल, तर साळुंक्या आणि पोपट सगळ्या बळकावतील. लहान भोकाचा पत्रा वरून ठोकता येतो. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला करा, कारण पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं. पश्चिमेला तोंड केलेल्या पेटीत एप्रिलमध्ये पिल्लं होरपळतात. उंची तीन-चार मीटर, वरच्या बाजूला हवेसाठी बारीक भोकं, तळाला निचऱ्यासाठी. साधा प्लायवूड पहिल्याच पावसात फुगतो. आतून रंग किंवा पॉलिश नको. मांजर आणि धामण चढू नये म्हणून खोडाला पत्र्याचा पट्टा गुंडाळा. ऑक्टोबर संपायच्या आत पेट्या टांगलेल्या आणि जुन्या साफ केलेल्या हव्यात, म्हणजे पिंगळ्याला जागा तयार मिळते.

पिंगळ्याच्या पेट्यांवर माझा जास्त भर आहे, आणि त्याला हिरवळीचंच कारण आहे. हुमणीचा त्रास तुम्हालाही असणार. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फेअरवेचा तुकडा पिवळा पडतो, हाताने उचलला तर सतरंजीसारखा वर येतो आणि खाली पांढऱ्या अळ्या. त्यांचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर, तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. पिंगळे त्या वेळी तिथेच असतात. आम्ही पेट्या मुद्दाम या झाडांच्या आसपास लावल्या. त्या आठ-पंधरा रात्री माळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतात, प्रकाश सापळे लावतो, आणि अळी दिसली त्या जागी मेटारायझियम ही बुरशी देतो. नुसत्या पिंगळ्यांनी हुमणी आटोक्यात येते असं मी म्हणणार नाही. पण सगळं मिळून आम्ही दाणेदार कीटकनाशक पूर्ण थांबवू शकलो. पावसात साळुंक्या, बगळे आणि कावळे मऊ मातीतून अळ्या उकरतात. तेव्हा जमिनीत विष नसलं पाहिजे.

हे मी जोर देऊन सांगतोय, कारण गवतावरचं औषध पक्ष्यांना थेट मारतं. १९८४ साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या एका गोल्फ कोर्सवर डायझिनॉन हे कीटकनाशक वापरल्यावर ते गवत चरलेले शेकडो ब्रँट हंस मेले. त्यानंतरच्या चौकशीतून अमेरिकेने ते औषध गोल्फ कोर्सवर बंद केलं. आपल्याकडे फोरेट या दाणेदार कीटकनाशकाची विक्री २०२० अखेर बंद झाली. गोदामात जुनं पोतं पडलेलं असेल तर तपासा, आणि असलं तर रीतसर परत द्या. पक्षी दाणे खडे समजून टिपतात. उंदरांसाठी विषाच्या वड्याही बंद करा, गव्हाणी घुबड तेच उंदीर खातं. तळ्याच्या आणि नाल्याच्या काठापासून किमान पाच मीटर कोणतीही फवारणी किंवा खत नको.

तळ्याबद्दल थोडक्यात. प्लास्टिक अंथरलेलं, उभ्या काठाचं तळं पक्ष्यांच्या दृष्टीने हौद असतो, पडलेलं पिल्लू त्यातून बाहेरही येऊ शकत नाही. निदान एका बाजूचा काठ एकास चार किंवा त्याहून सपाट उताराचा करा, गुडघ्याइतकं उथळ पाणी ठेवा, पाणकणीस आणि लव्हाळा येऊ द्या. मध्ये छोटं बेट जमलं तर टिबुकली आणि हळदी-कुंकू बदक कुत्र्यांपासून सुरक्षित राहतात. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर जलपर्णीवर लक्ष ठेवा, चार आठवड्यांत तळं झाकून टाकते.

सापांची भीती खरी आहे, ती झटकून टाकू नका. आपल्याकडे घोणस आणि नाग दोन्ही निघतात. आम्ही खेळाच्या जागेपासून उंच गवतापर्यंत चार मीटरचा आखूड कापलेला पट्टा कायम ठेवतो, आणि टी, पायवाटा, पाण्याच्या टाक्या यांच्याजवळ उंच गवत अजिबात ठेवत नाही. माळ्यांना गमबूट आणि विजेऱ्या दिल्या. उंच गवतात गेलेला चेंडू शोधायला हात घालायचा नाही, असा फलक लावला. सर्पमित्राचा नंबर कॅडी रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात आहे.

घरट्यांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र साप नाही, भटकी कुत्री आणि कावळे. दोघंही येतात हाफवे हटच्या (खेळाच्या मध्यावर खायला थांबायच्या टपरीच्या) उष्ट्यामागे. तिथे झाकणाचे डबे ठेवा आणि संध्याकाळी कचरा उचला. मेंबरांनी बिस्किटं टाकणं बंद करा. घरट्याकडे रोज वाकून बघणंही थांबवा, कावळा माणसाच्या मागावर असतो. मोबाईल घेऊन घरट्याचे फोटो काढायला आमच्याकडे बंदी आहे. सरावाच्या रेंजची जाळी रात्री गुंडाळून ठेवता येत असेल तर ठेवा, पिंगळे आणि घुबडं तिच्यात अडकतात. संक्रांतीनंतर झाडांवरचा नायलॉन मांजा उतरवायला दोन माणसं लावा, कारण पुढच्याच महिन्यात तिथे घरटी होणार असतात.

प्रमाणपत्राचं काही जण विचारतात. अमेरिकेतल्या ऑड्युबॉन इंटरनॅशनलचा गोल्फ कोर्सांसाठीचा अभयारण्य कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे, त्यांची तपासणीची पद्धत चांगली आहे, नकाशा आणि नोंदींची शिस्त लागते. पण आधी दोन वर्षं स्वतःच्या नोंदी करा. कॅडी रूममध्ये एक वही ठेवा: तारीख, होल, पक्षी, अंडी दिसली का, पिल्लं उडाली का. पक्ष्यांच्या जातींची यादी लांबवण्यात अर्थ नाही, हिवाळ्यातले पाहुणे ती आपोआप लांबवतात. किती घरट्यांतून पिल्लं उडाली, तो आकडा बघा. ज्या कॅडीने नोंद केली त्याचं नाव पुढे लिहा, आणि हंगामाअखेर त्यांना क्लबकडून काहीतरी द्या. आमच्या वहीत पहिल्या वर्षी अकरा घरटी होती, त्यातली सात त्याच कॅडीने दाखवलेली, ज्याने मला बंकरपाशी वेड्या राघूबद्दल सांगितलं होतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा: या महिन्यात नकाशावर रेघ आणि वही. पावसात झुडपं, आणि माळ सोडून शंभरेक झाडं. सप्टेंबरमध्ये पेट्यांच्या भोकांची मापं बदलून घ्या, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पंधरा पेट्या टांगा. नोव्हेंबरात जाळरेषा. जानेवारीत नाल्याची एखादी उभी कड पूर्वेकडे तासून बघा, आणि फेब्रुवारीत तिच्यासमोर कोणी फांदीवर येऊन बसतंय का, ते मला कळवा.